घरचे डॉक्टर केव्हा आणि पोटविकारतज्ज्ञ केव्हा?

पावसाळा सुरू झाल्यापासून या सदराकडे पोटाच्या तक्रारींचीच पत्रे सर्वाधिक आली आहेत. त्यांतील बहुतेकांना एकच गोष्ट जाणून घ्यायची आहे : नेहमीच्या डॉक्टरांकडे भागेल, की पोटविकारतज्ज्ञांकडे, म्हणजे गॅस्ट्रोएंटेरोलॉजिस्टकडे, जायला हवे? लोक हे दुखण्याच्या तीव्रतेवरून ठरवतात आणि तिथेच फसगत होते. गॅसेसमुळे जीव कासावीस होतो, पण त्यात सहसा धोका नसतो; उलट काही गंभीर आजार बराच काळ जराही दुखत नाहीत. निवडक पत्रे थोडी संक्षिप्त करून, नावे वगळून, पुढे दिली आहेत.

प्रश्न : माझे वय ५४ असून मी कोथरूडला राहतो. गेली काही वर्षे मला पित्ताचा त्रास आहे. औषधाच्या दुकानातून पॅन्टोप्राझोलच्या गोळ्या आणतो. सकाळी उपाशीपोटी एक घेतली की दिवस बरा जातो. गुडघे दुखले तर अधूनमधून वेदनाशामक गोळीही घेतो. दोन महिन्यांपासून मात्र भाकरीचा घास छातीत अडकल्यासारखा होतो आणि वर पाणी प्यावे लागते. वजनही थोडे उतरले आहे, पण मी रोज तळजाईला फिरायला जाऊ लागलो आहे, त्यामुळे असेल. पित्ताची गोळी दोन वेळा घ्यावी का?

उत्तर : गोळी वाढवू नका. येत्या काही दिवसांतच पोटविकारतज्ज्ञांची वेळ घेऊन एंडोस्कोपी, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून अन्ननलिका व जठराची तपासणी, करून घ्या. घास अडकणे हे पित्ताचे साधे लक्षण नाही; कोणत्याही वयात ते दिसले तर तपासणी करावीच लागते, आणि पन्नाशीनंतर, वजन घटत असताना, त्यात दिरंगाई करण्याचा धोका पत्करू नये. वजन फिरण्यामुळे कमी झाले असेलही, पण तसे म्हणण्याचा अधिकार तपासणीनंतरच मिळतो. अडकण्याची कारणे अनेक आहेत. वर्षानुवर्षे आम्ल वर येत राहिल्याने अन्ननलिकेचा खालचा भाग आकसतो, तो फुग्याच्या साहाय्याने रुंद करता येतो. काहींमध्ये अन्ननलिकेच्या स्नायूंची हालचाल बिघडलेली असते. कर्करोग हे एक कारण आहे, आणि ते वेळेत सापडावे म्हणूनच ही घाई सांगतो आहे.

पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल, रॅबेप्राझोल या गटातील गोळ्या उत्तम आहेत आणि लाखो लोकांना त्यांनी दिलासा दिला आहे. त्यांचा धोका त्यांच्या गुणातच आहे : त्या इतके चांगले काम करतात की जठरातील गंभीर व्रणाचेही दुखणे काही काळ थांबते आणि रुग्ण निश्चिंत राहतो. ज्यांचे वय कमी आहे आणि ज्यांना घास अडकणे, वारंवार उलट्या, रक्ताची उलटी, काळे शौच, पंडुरोग (रक्तातील हिमोग्लोबिन कमी होणे) किंवा वजनातील घट यांपैकी काहीही नाही, त्यांना घरचे डॉक्टर चार ते आठ आठवडे ही गोळी देतात आणि बहुतेकांचे काम तिथेच होते. ती जेवणाआधी अर्धा तास घ्यायची असते, जेवणानंतर घेतल्यास तिचा उपयोग कमी होतो. एवढ्या उपचारानंतरही जळजळ राहिली, किंवा गोळी थांबवताच ती पुन्हा उसळली, तर तज्ज्ञांकडे जावे. दुकानातून स्वतःच आणून वर्षानुवर्षे चालू ठेवणे हा मार्ग नव्हे. दीर्घकाळ घेतल्यास काहींमध्ये बी-१२ जीवनसत्त्व आणि मॅग्नेशियम कमी होते, त्यावरही कोणाची तरी नजर असावी लागते.

आपण गुडघ्यांच्या गोळीचा उल्लेख केला हे फार बरे झाले. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन यांनी जठरात व्रण होतात, आणि पुष्कळ रुग्ण ही गोळी डॉक्टरांना सांगण्यासारखी मानतच नाहीत. दुसरे मोठे कारण म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू. १९८२ साली ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी तो ओळखला, तोवर अल्सरचे खापर तिखटावर आणि मनस्तापावर फुटत असे. या शोधासाठी त्यांना २००५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. एंडोस्कोपीच्या वेळी जठराचा कणभर तुकडा काढून हा जिवाणू तपासता येतो, आणि तो आढळला तर दोन आठवड्यांच्या औषधांनी बहुधा जातो. पित्ताची गोळी चालू असताना ही चाचणी खोटी नकारात्मक येऊ शकते, म्हणून गोळी साधारण दोन आठवडे बंद ठेवावी लागते. पण आपली एंडोस्कोपी त्यासाठी लांबवू नका. तपासणीची भीती बाळगू नका. सहा ते आठ तास उपाशी राहायचे, घसा बधिर करणारा फवारा मारतात, हवे असल्यास गुंगीचे इंजेक्शन देतात, आणि काही मिनिटांत काम होते.

याच विषयाला धरून सर्वांसाठी एक इशारा. छातीत जळजळ होऊन घाम फुटला, दम लागला, किंवा कळ जबडा, खांदा वा हाताकडे गेली, तर ते पित्त समजून सोडा पिऊन बसू नये. हृदयविकाराचा झटका अनेकदा असाच येतो. तातडीने जवळचे रुग्णालय गाठून ईसीजी काढावा; पोटाचा विचार नंतर करता येतो.

प्रश्न : आम्ही सदाशिव पेठेत राहतो. माझ्या यजमानांचे वय ६३ आहे. वर्षभरापासून शौचाच्या वेळी अधूनमधून रक्त पडते. मूळव्याध म्हणून मलम लावतात, सुरण खातात, रात्री इसबगोल घेतात. मागच्या महिन्यात हिमोग्लोबिन ९ निघाले, तेव्हा डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, सुचवली. ते नाव काढले तरी हे चिडतात. काय करावे?

उत्तर : ताई, तुमच्या डॉक्टरांनी योग्य तेच सुचवले आहे. यजमानांना मूळव्याध असेलही. या वयात ती सर्रास आढळते. पण मूळव्याध आहे म्हणून आत दुसरे काही नाही असे ठरत नाही, दोन्ही एकाच माणसात असू शकतात. शौचानंतर लालभडक रक्ताचे थेंब पडणे आणि न दुखणे हे मूळव्याधीत दिसते. कडक शौचाच्या वेळी कापल्यासारखी वेदना होऊन थोडे रक्त येणे हे फिशरचे, म्हणजे गुदद्वाराला पडलेल्या चिरेचे, लक्षण आहे. हा फरक उपयोगी आहे, पण केवळ त्यावरून आतड्याला निर्दोष ठरवता येत नाही.

मला रक्ताच्या थेंबांपेक्षा त्या ९ च्या आकड्याची अधिक काळजी वाटते. साठी ओलांडलेल्या पुरुषाचे लोह विनाकारण कमी होत नाही. मोठ्या आतड्याच्या उजव्या भागातील गाठ डोळ्यांना न दिसणारे रक्त महिनोन्महिने गाळत राहते, आणि थकवा, चढावर धाप, चेहऱ्यावरचा फिकटपणा एवढीच तिची खूण असते. म्हणून या वयातील पंडुरोगात जठर आणि मोठे आतडे दोन्ही पाहण्याची पद्धत आहे, शौचात रक्त दिसो वा न दिसो. लोहाच्या गोळ्यांनी आकडा वर चढेल आणि सर्वांना हायसे वाटेल, पण गळती कुठे आहे हे कळणार नाही. या गोळ्यांनी शौचाचा रंग काळपट होतो, त्याने घाबरू नये. मात्र डांबरासारखे चिकट, विशिष्ट दुर्गंधीचे काळे शौच झाले तर ते वरच्या बाजूचा रक्तस्राव दाखवते आणि त्या वेळी थेट रुग्णालयात जावे लागते.

मोठ्या आतड्याचा कर्करोग बहुतांशी पॉलिप नावाच्या छोट्या कोंबापासून सुरू होतो, आणि कोंबाचा कर्करोग व्हायला साधारण दहा वर्षे लागतात. कोलोनोस्कोपी करतानाच तो काढून टाकता येतो. तपासणी आणि प्रतिबंध एकाच वेळी साधण्याची अशी संधी फार थोड्या आजारांत मिळते. आपल्याकडे तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या कर्करोगासाठी सरकारी तपासणी-कार्यक्रम आहे; मोठे आतडे त्यात नाही, त्यामुळे लक्षणांकडे आपणच लक्ष ठेवावे लागते. पंचेचाळिशीनंतर प्रथमच रक्त दिसणे, शौचाची सवय काही आठवडे बदललेली राहणे, शौचास जाऊन आल्यावरही पुन्हा जावेसे वाटणे, किंवा आईवडील-भावंडांपैकी कोणाला हा कर्करोग झालेला असणे, यांत पोटविकारतज्ज्ञांची भेट टाळू नये.

यजमानांच्या चिडण्यामागे संकोच आणि भीती असावी. दोन्ही स्वाभाविक आहेत, आणि त्यांवर रागावून उपयोग होत नाही. तपासणी गुंगीत होते, बहुतेकांना ती आठवतही नाही. खरा त्रास आदल्या दिवशीचा : पातळ पदार्थांवर राहायचे आणि आतडे स्वच्छ करणारे औषध मोठ्या प्रमाणात पाण्यातून प्यायचे. लोहाची गोळी साधारण आठवडाभर आधी थांबवतात, नाहीतर आत काळपट थर राहून नीट दिसत नाही. त्यांच्या विश्वासातला एखादा समवयस्क मित्र, ज्याने ही तपासणी करून घेतली आहे, तो माझ्यापेक्षा चांगले समजावू शकेल.

प्रश्न : मी २९ वर्षांचा असून हिंजवडीत नोकरी करतो. तीन वर्षांपासून सकाळी तीन-चार वेळा शौचास जावे लागते, पोटात कळ येते आणि शौच झाल्यावर ती थांबते. मीटिंगच्या दिवशी त्रास वाढतो, सुटीत गावी गेलो की जवळजवळ नसतो. रात्री झोपेतून कधी उठावे लागत नाही. सोनोग्राफी दोनदा, सीटी स्कॅन एकदा झाला; सर्व नॉर्मल. तरी कर्करोगाची भीती जात नाही. आता कोणती तपासणी करू?

उत्तर : तुमच्या पत्रातच निदान जवळपास लिहिलेले आहे. पोटदुखी आठवड्यातून किमान एकदा, तीन महिने सातत्याने होणे, तक्रारीची सुरुवात सहा महिन्यांपूर्वी झालेली असणे, आणि शौचास होणे, शौचाच्या वेळा आणि त्याचा घट्ट-पातळपणा यांपैकी किमान दोहोंशी दुखण्याचा संबंध असणे, या वर्णनाला आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम) म्हणतात. पोटाच्या अशा तक्रारींच्या निदानासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या २०१६ च्या रोम निकषांत ते असेच दिलेले आहे. आतड्याची रचना निरोगी असते, पण आतडे आणि मेंदू यांच्यातील संदेशांची देवाणघेवाण अतिसंवेदनशील झालेली असते. हा त्रास खरा आहे. ‘रिपोर्ट नॉर्मल आहे, म्हणजे तुला काही झालेले नाही’ असे कोणी म्हटले असेल तर ते चुकीचे होते. आणि आयबीएसचा कर्करोग होत नाही.

आणखी स्कॅन नकोत. हिमोग्लोबिन, थायरॉइड, सिलिअ‍ॅक आजाराची, म्हणजे गव्हातील ग्लुटेन न सोसण्याच्या विकाराची, रक्तचाचणी आणि शौचातील कॅलप्रोटेक्टिन एवढे एकदा व्हावे; शेवटच्या चाचणीवरून आतड्याला सूज आहे की नाही याचा चांगला अंदाज येतो. दोन आठवडे दूध, चहातले दूधसुद्धा, बंद करून पाहावे, कारण दूध न पचणारे लोक आपल्याकडे पुष्कळ आहेत. आहाराची काटछाट याहून अधिक स्वतःच्या मनाने करू नये; एकेक पदार्थ वगळत वगळत केवळ मऊ भातावर आलेले तरुण मला दिसतात आणि वाईट वाटते. औषधे आहेत, तणाव हाताळण्याचे प्रशिक्षण आहे, आणि दोन्हींचा उपयोग होतो. हे निदान एकदा पोटविकारतज्ज्ञांकडून पक्के करून घेतले की पुढचे घरचे डॉक्टर पाहू शकतात.

झोपेतून उठवणारे जुलाब, ताप, वजन घटणे, रक्त, किंवा उजव्या बाजूला खाली सतत दुखणे, असे काही दिसू लागले तर मात्र चित्र बदलते. आपल्या देशात आतड्याचा क्षयरोग अजून आढळतो, आणि क्रोन्स या आतड्याला दीर्घकाळ सूज आणणाऱ्या आजाराशी त्याचे इतके साम्य असते की कोलोनोस्कोपी करून तुकडा तपासल्यावरही अनुभवी डॉक्टरांना विचार करावा लागतो.

प्रश्न : धनकवडीहून लिहिते आहे. माझ्या जावेला सातवा महिना आहे. चार दिवसांपासून डोळे पिवळे आहेत, लघवी गडद होते, अन्नाची वासना नाही. सासूबाई तिला गावाकडे नेऊन काविळीची माळ घालायची म्हणतात. बाकी ती चालते-फिरते. थांबावे का?

उत्तर : थांबू नका. आम्ही या पत्राचे उत्तर छापण्याआधीच कळवले आहे. इतर वाचकांसाठी ते येथे देत आहोत. गरोदरपणातील कावीळ ही त्याच दिवशी रुग्णालयात दाखवण्याची बाब आहे. दूषित पाण्यातून पसरणारा हिपॅटायटिस ई इतरांमध्ये बहुधा आपोआप बरा होतो, पण शेवटच्या तिमाहीत त्याने यकृत अचानक निकामी होऊ शकते आणि मृत्यूचे प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत जाते. आपल्याच पुण्यातील राष्ट्रीय विषाणू संस्थेने या विषाणूवर अनेक वर्षे काम केले आहे. प्रसूतितज्ज्ञ आणि पोटविकारतज्ज्ञ दोघेही उपलब्ध असतील अशाच रुग्णालयात न्यावे. गुंगी येणे, असंबद्ध बोलणे, हिरड्यांतून रक्त येणे ही यकृत थकल्याची चिन्हे आहेत.

माळेतील काड्या सुकतात तशी ती सैल होऊन लांबते. त्या लांबण्याचा काविळीशी संबंध नाही. साधी कावीळ काही आठवड्यांत उतरणारच असते, म्हणून श्रेय माळेला मिळते. सासूबाईंचा हेतू मायेचाच आहे. त्यांच्याशी वाद घालत बसू नका, त्यांनाही बरोबर रुग्णालयात घेऊन जा. नाकात थेंब सोडणे आणि अज्ञात पाला वाटून देणे मात्र कोणाच्याही बाबतीत करू नये, कारण काही वनस्पती यकृतालाच इजा करतात.

प्रश्न : धायरीत राहणारी आजी आहे. नातू चार वर्षांचा आहे, त्याला कालपासून जुलाब होत आहेत. २०२५ च्या जानेवारीत आमच्या भागात जे झाले, त्यानंतर जुलाब म्हटले की धडकी भरते. त्याला थेट पोटाच्या मोठ्या डॉक्टरांकडे नेऊ का?

उत्तर : आजी, तुमची धास्ती समजू शकते. त्या वेळी सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात गुलियन बॅरी सिंड्रोमचे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटून हातपाय लुळे पडण्याच्या आजाराचे, रुग्ण एकाएकी वाढले, आणि काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा दूषित पाण्यातून आणि कच्च्या राहिलेल्या कोंबडीच्या मांसातून येणारा जिवाणू सापडला. तरीही जुलाब झालेल्या मुलांपैकी फारच थोड्यांना तो आजार होतो. जुलाबानंतर एक ते तीन आठवड्यांत पायांना मुंग्या येणे, जिना चढता न येणे, पाय लटके पडणे असे काही दिसले तर क्षणभरही न थांबता मोठ्या रुग्णालयात न्यावे. तिथे मेंदूविकारतज्ज्ञ लागतात, पोटाचे नव्हेत.

आत्ता नातवाला बालरोगतज्ज्ञ पुरेसे आहेत. उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात ओआरएसचे एक लिटरचे पाकीट पूर्ण रिकामे करा आणि प्रत्येक जुलाबानंतर घोट घोट, चमच्याने पाजत राहा. चोवीस तासांनी उरलेले टाकून द्या. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. १९७१ साली पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी अशाच मिठा-साखरेच्या पाण्यावर असंख्य जीव वाचवले. झिंकचे औषध डॉक्टर दहा-चौदा दिवस देतील, ते मध्येच सोडू नका. जेवण बंद करू नका; मऊ भात, ताक, केळे चालते. जुलाब थांबवणारी मोठ्यांची गोळी लहान मुलांना कदापि देऊ नये. सहा-आठ तास लघवी न होणे, डोळे खोल जाणे, रडताना अश्रू न येणे, मलूल पडणे, शौचात रक्त, पाजलेले सर्व उलटून पडणे, यांत लगेच रुग्णालय. जुलाब चौदा दिवसांपलीकडे गेले तर बालरोगतज्ज्ञच पुढे पोटविकारतज्ज्ञांकडे पाठवतील.

प्रश्न : कंपनीच्या आरोग्य तपासणीत ‘ग्रेड वन फॅटी लिव्हर’ आले. वय ३८, दारू घेत नाही. लिव्हर साफ करणारे औषध घ्यावे का?

उत्तर : नको. यकृत साफ करणाऱ्या औषधांची गरज नसते. वजन जास्त असेल तर ते ७ ते १० टक्के कमी करणे हाच सिद्ध झालेला उपाय आहे. कंबर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावी. साखर, कोलेस्टेरॉल, एसजीपीटी (यकृताची रक्तचाचणी) आणि हिपॅटायटिस बी-सी एकदा तपासून घ्या. मधुमेह असेल, एसजीपीटी काही महिने वाढलेले राहिले असेल किंवा प्लेटलेट कमी असतील, तर फायब्रोस्कॅनसाठी, म्हणजे यकृताचा कडकपणा मोजणाऱ्या तपासणीसाठी, तज्ज्ञांकडे जावे.

प्रश्न : पोटाचे फिजिशियन आणि पोटाचे सर्जन यांतला फरक आम्हांला कळत नाही. कोणाकडे जावे, आणि जाताना काय न्यावे?

उत्तर : एमबीबीएसनंतर एमडी आणि त्यानंतर तीन वर्षांचे डीएम, किंवा त्याच्या तोडीचे डीएनबी (आता डीआरएनबी), केलेले ते पोटविकारतज्ज्ञ, ते औषधे देतात आणि दुर्बिणीच्या तपासण्या करतात. अपेंडिक्स, हर्निया, त्रास देणारे पित्ताशयातील खडे हे शल्यचिकित्सकांचे काम. खडा पित्तनलिकेत सरकून कावीळ झाली तर तो दुर्बिणीने काढण्याचे काम मात्र पोटविकारतज्ज्ञच करतात. हे वाचकाने ठरवत बसण्याची गरज नाही. घरच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेतली की बरोबर दार सापडते. खासगी तपासणी परवडत नसेल तर ससून रुग्णालयात केसपेपर काढून आधी मेडिसिन विभागात दाखवावे.

जाताना जुने सर्व अहवाल तारखेनुसार लावून न्यावेत. पंधरा दिवसांची नोंद एका कागदावर असावी : दुखणे केव्हा होते, कुठे होते, जेवणाशी वा शौचाशी त्याचा संबंध काय, वजन किती होते आणि किती झाले. गोळ्यांची नावे आठवून सांगण्यापेक्षा पट्ट्याच पिशवीत घालाव्यात, त्यांत वेदनाशामके, चूर्णे आणि काढेही आले. रोजच्या चूर्णात बरेचदा सोनामुखी ही रेचक वनस्पती असते आणि तिच्यामुळे शौचाची खरी सवय कळत नाही. हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती वेळ घेतानाच सांगावी, आणि तपासणी आहे म्हणून स्वतःहून बंद करू नये. ती थांबवायची की नाही आणि किती दिवस आधी, हे हृदयरोगतज्ज्ञ आणि पोटविकारतज्ज्ञ यांनी मिळून ठरवायचे असते.